नाव मोठे की निशाणी? ब्रिटनमधील राजकीय घराण्यांचे गणित

४ जून २०२४ रोजी सांगली लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला. वसंतदादा पाटील यांचे नातू विशाल पाटील यांना काँग्रेसची उमेदवारी मिळाली नव्हती. महाविकास आघाडीच्या जागावाटपात ती जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेली होती. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि सुमारे एक लाख मतांच्या फरकाने निवडून आले.

त्यानंतर बरोबर एका महिन्याने, ४ जुलै रोजी, ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. उत्तर आयर्लंडमधील नॉर्थ अँट्रिम मतदारसंघात धाकटे इयान पेस्ली ४५० मतांनी पराभूत झाले. १९७० पासून, म्हणजे ५४ वर्षे, ही जागा आधी वडिलांकडे आणि मग मुलाकडे राहिली होती. त्याच रात्री लेस्टर ईस्टमध्ये मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील कीथ वाझ यांचाही निकाल लागला. मजूर पक्षातर्फे ते या मतदारसंघाचे ३२ वर्षे खासदार होते आणि २०१७ मध्ये त्यांना सुमारे ६७ टक्के मते मिळाली होती. या वेळी ते एका छोट्या स्थानिक पक्षातर्फे उभे होते. त्यांना चार हजारही मते मिळाली नाहीत.

सांगलीत पक्षाची निशाणी सुटली तरी घराण्याचे नाव तरले. लेस्टरमध्ये पक्ष सुटला आणि अख्ख्या शहराला परिचित असलेले नाव बुडाले. असे का व्हावे? इंग्रज मतदार अधिक शहाणा आणि मराठी मतदार भोळा, हे उत्तर सोपे आहे, पण ते खरे नाही. ब्रिटनमध्येही कित्येक शतके लोकसभागृहाच्या जागा बापाकडून मुलाकडे जात होत्या. ती रीत कशी चालत होती, कशामुळे सैल झाली आणि आजही कुठे टिकून आहे, हे पाहिले म्हणजे नाव आणि मत यांचे नाते अधिक स्पष्ट होते.

ओस पडलेल्या टेकडीचे दोन खासदार

ब्रिटनच्या इतिहासात पिता आणि पुत्र दोघेही पंतप्रधान झाल्याची उदाहरणे दोनच आहेत: पिट आणि ग्रेनव्हिल. यांपैकी पिट घराण्याचा पाया हिंदुस्थानात रचला गेला. थॉमस पिट हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला न जुमानता हिंदुस्थानाशी खासगी व्यापार करणारे गृहस्थ. त्या कमाईतून त्यांनी १७ व्या शतकाच्या अखेरीस सॉल्झबरीजवळचे ओल्ड सॅरम विकत घेतले. पुढे त्याच कंपनीने त्यांना मद्रासचे गव्हर्नर नेमले. तेथे त्यांनी एक प्रचंड हिरा खरेदी केला आणि १७१७ मध्ये तो फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला विकला. आज तो हिरा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

ओल्ड सॅरम ही एक ओस पडलेली टेकडी होती. जुने गाव केव्हाच उठून गेले होते; परंतु त्या गावाला मध्ययुगात मिळालेला दोन खासदार पाठवण्याचा हक्क मात्र कायम होता. ज्याची जमीन, त्याचे खासदार. थॉमस पिट यांचे नातू थोरले विल्यम पिट १७३५ मध्ये याच टेकडीचे प्रतिनिधी म्हणून संसदेत गेले आणि १७६६ मध्ये पंतप्रधान झाले. त्यांचे पुत्र धाकटे विल्यम पिट १७८३ मध्ये वयाच्या २४ व्या वर्षी पंतप्रधान झाले. त्यांचाही संसदेतील प्रवेश एका धनाढ्य जमीनदाराच्या मुठीतील मतदारसंघातून झाला होता.

या व्यवस्थेत मतदाराने घराण्याचे नाव पाहून मत दिले, असे म्हणणेसुद्धा अवघड आहे. मतदार नावालाच होता. मतदारसंघ ही मालमत्ता होती आणि मालमत्तेप्रमाणेच ती वारसाहक्काने पुढे जात असे. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ओल्ड सॅरमसारखे ५६ मतदारसंघ रद्द केले. तरीही जमीनदाराचा धाक उरलाच, कारण मतदान उघड होते. कुळाने कोणाला मत दिले, हे मालकाला कळत असे. १८७२ मध्ये गुप्त मतदान आले आणि १८८३ मध्ये प्रत्येक उमेदवाराच्या खर्चावर कायद्याने मर्यादा घातली. १९११ पासून खासदारांना वर्षाला ४०० पौंड वेतन मिळू लागले. त्याआधी ज्याच्या घरी खायची ददात नाही, त्यालाच राजकारण परवडत असे. घराण्यांची पकड एखाद्या थोर नेत्याच्या उपदेशाने ढिली झाली नाही. चार कायद्यांनी तिच्या चार दोऱ्या एकेक करून कापल्या.

मामाचे सरकार आणि दादाभाईंची ५ मते

सेसिल घराणे पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळापासून सत्तेच्या दारात उभे आहे. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात याच घराण्यातील रॉबर्ट सेसिल, म्हणजे लॉर्ड सॉल्झबरी, तीन वेळा पंतप्रधान झाले. १८८७ मध्ये त्यांनी आपले सख्खे भाचे आर्थर बालफोर यांना आयर्लंडचे मंत्रिपद दिले आणि १९०२ मध्ये पंतप्रधानपदही मामाकडून भाच्याकडे गेले. सॉल्झबरींच्या सरकारात नातलगांची एवढी गर्दी होती की विरोधक त्याला ‘हॉटेल सेसिल’ म्हणत. काम चुटकीसरशी झाले असे सांगताना इंग्रज आजही ‘बॉब्ज युअर अंकल’ म्हणतात. हा बॉब म्हणजे मामा रॉबर्ट सेसिल, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते.

याच सॉल्झबरींनी १८८८ मध्ये एडिंबरा येथील भाषणात दादाभाई नौरोजी यांच्या १८८६ मधील पराभवाचा उल्लेख करून, इंग्रज मतदारसंघ ‘काळ्या माणसाला’ निवडून देईल असे आपल्याला वाटत नाही, अशा आशयाचे उद्गार काढले होते. दादाभाई हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक आणि काही काळ बडोदे संस्थानचे दिवाण. लंडनच्या मतदाराच्या दृष्टीने त्यांना घराणे नव्हते, जमीन नव्हती आणि त्यांचे नाव उच्चारणेही अवघड होते. १८९२ मध्ये ते उदारमतवादी पक्षातर्फे सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या ५ मतांनी निवडून आले. नौरोजी या नावावर कोटी करून त्यांना ‘नॅरो मेजॉरिटी’ म्हटले जाऊ लागले. त्याच वर्षी सॉल्झबरींचे सरकार गेले.

या विजयातील एक तांत्रिक बाब सहसा सांगितली जात नाही. दादाभाईंच्या मतदारापुढे जी मतपत्रिका होती, तिच्यावर पक्षाचे नाव नव्हते. उमेदवाराचे नाव, पत्ता आणि व्यवसाय एवढेच छापलेले असे. ‘उदारमतवादी’ हा शब्द पाहून फुली मारण्याची सोय नव्हती. घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना ते परके नाव मतदारांच्या तोंडी बसवावे लागले होते.

मतपत्रिकेवर काय छापले आहे?

भारतात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून निशाण्या आहेत. बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती, म्हणून बैलजोडी, झोपडी अशी चित्रे आली. याउलट ‘संसदेची जननी’ म्हणवणाऱ्या ब्रिटनमध्ये १९६९ चा कायदा होईपर्यंत मतपत्रिकेवर पक्षाचे नाव लिहिण्याचीसुद्धा मुभा नव्हती. १९७० च्या सार्वत्रिक निवडणुकीत ब्रिटिश मतदाराने प्रथमच उमेदवाराच्या नावाखाली पक्ष वाचला. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे, गुप्त मतदानाच्या खोलीत एकटा उभा असलेला मतदार फक्त नाव ओळखू शकत होता. ओळखीच्या नावाला त्याचा लाभ मिळणे स्वाभाविक होते.

पक्षाचे नाव छापू लागल्यावर नवा घोळ झाला, कारण ते नाव कोणाच्या मालकीचे हे ठरलेले नव्हते. १९९४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत डेव्हन भागात एक उमेदवार ‘लिटरल डेमोक्रॅट’ या नावाने उभा राहिला. ‘लिबरल डेमोक्रॅट’ समजून म्हणा किंवा अन्य कारणाने म्हणा, त्याला दहा हजारांहून अधिक मते पडली आणि खरा लिबरल डेमोक्रॅट उमेदवार ७०० मतांनी हरला. पुढे १९९८ मध्ये राजकीय पक्षांच्या नोंदणीचा कायदा झाला. पक्षाचे नाव संरक्षित झाले आणि मतपत्रिकेवर चिन्हही आले.

मराठी वाचकाला हा प्रकार चांगलाच परिचित आहे, फक्त आपल्याकडे त्याची तऱ्हा उलटी आहे. २०१४ मध्ये रायगड मतदारसंघात सुनील तटकरे २,११० मतांनी हरले; त्याच निवडणुकीत सुनील शाम तटकरे नावाच्या अपक्षाने ९,८४९ मते घेतली होती. ब्रिटनमधील लबाडाने पक्षाच्या नावाची नक्कल केली, महाराष्ट्रात माणसाच्या नावाची नक्कल झाली. नक्कल नेहमी चालत्या नाण्याची होते. कोणत्या देशात कोणते नाणे चालते, हे या दोन घटनांवरून दिसते.

नगरपालिकेतून उभे राहिलेले घराणे

जमीनदारी मागे पडल्यावरही ब्रिटनमध्ये घराणी निर्माण झाली. त्यांपैकी बर्मिंगहॅमचे चेंबरलेन घराणे महाराष्ट्रातील घराण्यांशी सर्वांत जवळचे ठरते. जोसेफ चेंबरलेन हे स्क्रू बनवणारे कारखानदार. १८७३ ते १८७६ या काळात महापौर असताना त्यांनी गॅस आणि पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडून नगरपालिकेकडे आणला, गलिच्छ वस्त्या पाडून शहराचा मध्यभाग नव्याने बांधायला घेतला आणि प्रभागाप्रभागांत शिस्तबद्ध पक्षयंत्रणा उभी केली. १९१४ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांची बर्मिंगहॅम वेस्टची जागा थोरले पुत्र ऑस्टिन यांच्याकडे बिनविरोध गेली. धाकटे पुत्र नेव्हिल आधी शहराचे महापौर, मग खासदार आणि १९३७ मध्ये पंतप्रधान झाले.

बर्मिंगहॅमच्या नागरिकाने चेंबरलेन या नावाला मत दिले, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर नळाचे पाणी होते. सांगली, बारामती, संगमनेर किंवा लातूरच्या मतदारासमोर साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक आणि शिक्षण संस्था असते, तसेच हे. नाव ही त्या कामाची खूण असते. पण एक फरक आहे. बर्मिंगहॅमचा गॅस आणि पाणी ही नगरपालिकेची, म्हणजे निवडणुकीत हात बदलणारी सत्ता होती. १९४५ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने बर्मिंगहॅमच्या बहुतेक जागा जिंकल्या, तेव्हा चेंबरलेन घराण्याच्या हाती शहरातील कोणतीही चावी उरली नाही. महाराष्ट्रातील सहकारी संस्था कागदोपत्री सभासदांच्या मालकीच्या असल्या, तरी त्यांचे अध्यक्षपद अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहते. विधानसभेची जागा गेली तरी उसाची तोड, मुलीचा कॉलेजप्रवेश आणि पीककर्ज यांसाठी त्याच वाड्याची पायरी चढावी लागते. अशा ठिकाणी नावाला मत देणारा मतदार भोळा नसतो, तो व्यवहारी असतो.

पतीच्या जागेवर पत्नी

घराण्याच्या नावाने एक दार उघडलेही आहे. ब्रिटिश लोकसभागृहात प्रत्यक्ष आसनस्थ झालेली पहिली स्त्री म्हणजे नॅन्सी ॲस्टर. १९१९ मध्ये त्यांचे पती वडिलांच्या निधनामुळे लॉर्ड होऊन वरिष्ठ सभागृहात गेले आणि प्लिमथची त्यांची जागा पत्नीने जिंकली. दुसऱ्या मार्गारेट विंटरिंगहॅम. १९२१ मध्ये पतीच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर त्या निवडून आल्या. तिसऱ्या मेबल फिलिप्सन. १९२३ मध्ये त्यांच्या पतीची निवड रद्द ठरल्यावर त्या उभ्या राहिल्या. पहिल्या तिघीही पतीच्या जागेवरून आल्या. पक्षाच्या स्थानिक समित्या अनोळखी स्त्रीला उमेदवारी द्यायला तयार नव्हत्या. ओळखीच्या आडनावाची स्त्री मात्र त्यांना चालत होती.

नॅन्सी ॲस्टर पुढे १९४५ पर्यंत खासदार राहिल्या. त्यांची पहिली निवडणूक पतीच्या नावावर जिंकली गेली असेल. पुढच्या निवडणुका त्यांनी स्वतःच्या बळावर लढवल्या. महाराष्ट्रात सरपंचपदापासून संसदेपर्यंत ‘सौभाग्यवतीं’ना पुढे केले जाते, तेव्हा आपण नाके मुरडतो. त्या वेळी दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत: ती कोणाच्या नावाने आली, आणि आल्यानंतर निर्णय कोण घेते?

नाव अडसर झाले तेव्हा

घराण्याचे नाव मिळकत ठरण्याऐवजी बेडी ठरल्याचेही एक उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. विल्यम वेजवुड बेन हे १९२९ ते १९३१ या काळात भारतमंत्री होते. मिठाचा सत्याग्रह आणि पहिली गोलमेज परिषद त्यांच्याच कारकिर्दीत झाली. पुढे त्यांना वंशपरंपरागत उमरावपद मिळाले. १९६० मध्ये ते वारले आणि ते पद आपोआप त्यांचे पुत्र टोनी बेन यांच्याकडे आले. उमरावाला लोकसभागृहात बसता येत नसे. ब्रिस्टलचे खासदार असलेल्या टोनी बेन यांची जागा त्यामुळे रिकामी ठरली.

मे १९६१ च्या पोटनिवडणुकीत ते अपात्र आहेत हे ठाऊक असूनही मतदारांनी त्यांना तेरा हजारांच्या मताधिक्याने निवडून दिले. निवडणूक न्यायालयाने जागा पराभूत प्रतिस्पर्ध्याला दिली. गंमत अशी की तो प्रतिस्पर्धीही एका उमरावपदाचा वारसच होता. अखेर १९६३ मध्ये उमरावपद सोडून देण्याची मुभा देणारा कायदा झाला आणि बेन यांनी त्याच दिवशी आपले पद सोडले. त्यांचे पुत्र हिलरी बेन १९९९ पासून खासदार आहेत, मात्र लीड्समधून. टोनी बेन यांचे आजोबाही खासदार होते, म्हणजे ही चौथी पिढी. पद नाकारता आले, पण घरातले राजकारण नाकारता आले नाही.

वंशपरंपरेचे सर्वांत उघड रूप वरिष्ठ सभागृहात उरले होते. १९९९ च्या कायद्याने बहुसंख्य वंशपरंपरागत उमराव घरी गेले, पण तडजोड म्हणून ९२ जागा राखल्या गेल्या. ही तडजोड हुजूर पक्षाच्या बाजूने घडवून आणणारे लॉर्ड क्रॅनबॉर्न हे सेसिल घराण्याचेच वारस. या ९२ पैकी कोणी वारले की पोटनिवडणूक होत असे. २०१६ मध्ये अशाच एका जागेसाठी ७ उमेदवार आणि ३ मतदार होते. तिन्ही मते व्हायकाउंट थर्सो यांना पडली. उरलेल्या जागाही रद्द करण्याचे विधेयक सप्टेंबर २०२४ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने मांडले.

उमेदवारी देते कोण?

आजच्या ब्रिटनमध्ये घराण्याच्या नावाची खरी परीक्षा मतदान केंद्रात होत नाही, ती पक्षाच्या स्थानिक सभेत होते. मजूर पक्षाचे माजी नेते नील किनॉक यांचे पुत्र स्टीव्हन किनॉक यांना २०१५ च्या निवडणुकीसाठी वेल्समधील ॲबरॅव्हनची उमेदवारी मिळाली, तेव्हा स्थानिक सदस्यांच्या मतदानात ते अवघ्या एका मताने विजयी झाले होते. ॲबरॅव्हन १९२२ पासून मजूर पक्षाचा बालेकिल्ला आहे. म्हणजे खासदार कोण होणार, याचा निर्णय सुमारे दोनशे माणसांच्या सभेत झाला. पुढची निवडणूक हा बव्हंशी उपचार होता. त्या दोनशे माणसांपैकी कितींच्या मनात वडिलांचे नाव होते, हे मोजता येत नाही. पण बड्या नेत्याच्या मुलाला पक्षात कोणाला भेटावे, केव्हा अर्ज करावा, सभेत काय बोलावे हे लहानपणापासून ठाऊक असते. ते नसलेल्याची सुरुवातच मागच्या रांगेतून होते.

उलट, मतदारसंघातील सर्व मतदारांपुढे नाव एकटे उभे राहिले की ते किती तोकडे पडते, हे क्रू अँड नँटविचमध्ये दिसले. ग्वेनेथ डनवुडी या मजूर पक्षाच्या ज्येष्ठ खासदार २००८ मध्ये वारल्या. पक्षाने त्यांची कन्या टॅम्झिन यांना उमेदवारी दिली. आपल्याकडे अशा वेळी सहानुभूतीची लाट गृहीत धरली जाते. पुष्कळदा विरोधक उमेदवारही देत नाहीत. येथे हुजूर पक्षाने ती जागा ७,८६० मतांनी हिसकावून घेतली. जनता सरकारवर नाराज होती आणि तिने ती नाराजी मुलीच्या दुःखाकडे पाहून आवरली नाही. २०१६ मध्ये खून झालेल्या खासदार जो कॉक्स यांची बहीण किम लेडबीटर २०२१ मध्ये त्याच मतदारसंघातून जिंकल्या. पण तेही पाच वर्षांनी आणि केवळ ३२३ मतांनी.

आणखी एक रीत लक्षात घेण्यासारखी आहे. ब्रिटिश नेत्याची मुले सहसा आईवडिलांच्या मतदारसंघातून उभी राहत नाहीत. हिलरी बेन यांना ब्रिस्टल मिळाले नाही, स्टीव्हन किनॉक यांना वडिलांची जागा मिळाली नाही, कीथ वाझ यांच्या भगिनी व्हॅलरी वाझ लेस्टरऐवजी वॉल्सॉलमधून खासदार झाल्या. नाव सोबत जाते, पण गावातली यंत्रणा सोबत जात नाही. नॉर्थ अँट्रिम याला अपवाद होता. थोरल्या पेस्ली यांनी १९५१ मध्ये चर्च आणि १९७१ मध्ये पक्ष, असे दोन्ही स्वतः स्थापन केले होते. नाव, पक्ष आणि प्रार्थनामंदिर तेथे एकच होते. २०१८ मध्ये धाकट्या पेस्लींना परत बोलावण्यासाठी मतदारांची सह्यांची मोहीम झाली, तीही ४४४ सह्यांनी फसली. सहा वर्षांनी मात्र ४५० मतांनी निकाल फिरला, आणि फिरवला तो त्याच विचारसरणीच्या, अधिक कडव्या पक्षाने. म्हणजे मतदारांनी आपली विचारसरणी सोडली नाही; आपल्या विचारांचा ठेका एकाच घराकडे नाही, एवढे त्यांना पटले.

निशाणी स्थिर, तर नाव गौण

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. सांगलीत नाव तरले आणि लेस्टरमध्ये बुडाले, त्याचे मोठे कारण निशाणीच्या भरवशात आहे. हुजूर पक्ष १८३० च्या दशकापासून आणि मजूर पक्ष १९०० पासून आहे. त्यांची धोरणे बदलली, नेते बदलले; परंतु या पक्षाला मत दिले तर सत्ता कोणाकडे जाईल, हे मतदाराला साधारण ठाऊक असते. महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. दोन्ही वेळा पक्षाचे मूळ नाव आणि निशाणी निवडणूक आयोगाने फुटून निघालेल्या गटाला दिली. धनुष्यबाणाला किंवा घड्याळाला मत दिले म्हणजे नेमके कोणाला दिले, हे दोन निवडणुकांत दोन प्रकारे ठरले. निशाणी अशी हलू लागली की मतदार आडनाव धरून ठेवतो, कारण आडनाव पक्षांतर करत नाही. किंबहुना तेही फुटते, हे बारामतीने २०२४ मध्ये दाखवले: मे महिन्यात सुप्रिया सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार, नोव्हेंबरमध्ये अजित पवार विरुद्ध युगेंद्र पवार.

नाव अजिंक्य असते असेही नाही. सांगलीत वसंतदादांच्या घराण्याने २०१४ आणि २०१९ असे दोन पराभव पाहिले होते. २०२४ मध्ये तिथले तिन्ही प्रमुख उमेदवार पाटीलच होते. तेव्हा मतदाराने नुसते आडनाव पाहिले असेही म्हणता येत नाही. घराणे, त्याची यंत्रणा आणि उमेदवारी नाकारली गेल्याचा राग, हे तिन्ही एकत्र आले होते.

सत्ता स्वतःच घराणे घडवते, हे संशोधनातूनही दिसले आहे. अमेरिकी काँग्रेसच्या अभ्यासात असे आढळले की जो सदस्य पहिल्या कारकिर्दीनंतर पुन्हा निवडून येतो, त्याचा नातलग पुढे राजकारणात येण्याची शक्यता वाढते. १९ व्या शतकातील ब्रिटिश लोकसभागृहाचा त्याच पद्धतीने अभ्यास झाला, तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. तिथली घराणी संसदेत येण्यापूर्वीच घडलेली होती. म्हणजे घराणेशाहीचे एकच औषध सर्वत्र लागू पडणार नाही. जिथे जमीन बळ देते तिथे गुप्त मतदान लागते, जिथे पैसा बळ देतो तिथे खर्चमर्यादा लागते, आणि जिथे सहकारी संस्था बळ देतात तिथे त्या संस्थांच्या निवडणुका खऱ्याखुऱ्या व्हाव्या लागतात.

आपल्या हातातले मत

हे सारे ब्रिटनमधील मराठी वाचकाला लागू होते, आणि तेही दुहेरी. कायदेशीररीत्या राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना येथील स्थानिक आणि संसदीय निवडणुकांत मतदान करता येते. त्यासाठी ब्रिटिश पारपत्र लागत नाही. कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर आलेला भारतीय नागरिकही मतदारयादीत नाव नोंदवू शकतो, आणि केंद्रावर ओळख पटवण्यासाठी त्याचे भारतीय पारपत्र चालते. अनेकांना हे वर्षानुवर्षे ठाऊकच नसते. दुसरीकडे, भारतीय नागरिकत्व टिकवलेल्यांना गावच्या यादीतही अनिवासी मतदार म्हणून नाव घालता येते. मात्र मत देण्यासाठी तेथे प्रत्यक्ष हजर व्हावे लागते.

येथील नगरपालिकेच्या मतपत्रिकेवर आपल्याला बहुधा कोणाचेच घराणे ठाऊक नसते. मग आणखी एक मोह होतो: ओळखीच्या वाटणाऱ्या नावापुढे फुली मारण्याचा. पटेल, शहा, देशपांडे असे नाव दिसले की हात तिकडे वळतो. तेही नावालाच मत. आपल्या भागातील कोणीतरी सभागृहात असावे ही इच्छा चुकीची नाही. दादाभाईंच्या विजयाचा आनंद मुंबईपर्यंत पोहोचला तो याच भावनेने. पण दादाभाईंनी संसदेत जाऊन हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे आकडे मांडले, म्हणून ते नाव राहिले.

तेव्हा मतदानापूर्वी थोडा वेळ काढावा. येथे ‘दे वर्क फॉर यू’ या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराचे मतदान आणि भाषणे वाचता येतात. भारतात न्यायालयाच्या आदेशामुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, शिक्षण आणि गुन्ह्यांविषयी शपथपत्र द्यावे लागते आणि ते कोणालाही पाहता येते. नाव ओळखीचे असो वा नसो, तीन गोष्टी विचाराव्यात. या माणसाची उमेदवारी कोणी ठरवली, आणि त्या निर्णयात आणखी कोणाला संधी होती का? मागच्या कारकिर्दीत त्याने सभागृहात काय केले? आणि उद्या तो हरला, तर त्याच्याकडे आपली कोणती अडचण अडकून राहणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणतीच नाही’ असे येत असेल, तर आपले मत खरोखर आपल्या हातात आहे.